इंग्रजी शिकणाऱ्या विद्यार्थ्यांचे लेखन कसे तपासावे

मराठी माध्यमाच्या शाळेत सहामाही परीक्षा संपली की इंग्रजीच्या शिक्षकाकडे साठ-सत्तर उत्तरपत्रिकांचा गठ्ठा येतो. जोड्या लावा, रिकाम्या जागा भरा, उताऱ्यावरील प्रश्न, हे सारे उत्तरसूची शेजारी ठेवून भराभर तपासून होते. हात अडखळतो तो पत्र, संवाद, बातमी किंवा गोष्ट यांपाशी, कारण तेथे एकच बरोबर उत्तर नसते. अशा वेळी बहुतेक जण नकळत चुका मोजू लागतात आणि लाल खुणा जितक्या जास्त तितके गुण कमी देतात. ही पद्धत सोपी आहे, पण तिने फक्त विद्यार्थ्याने काय चुकवले एवढेच मोजले जाते. त्याने इंग्रजीतून काय सांगितले, हे मोजायचे राहूनच जाते. चार छोटी, पाठ असलेली वाक्ये लिहून थांबलेल्या मुलाला अधिक गुण मिळतात आणि पानभर धडपडून स्वतःचे म्हणणे मांडणाऱ्या मुलीला कमी, असा उलटा निकाल त्यातून लागतो. ती मुलगी पुढच्या वेळी चारच वाक्ये लिहिते.

महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी शिकवले जाते. म्हणजे दहावीला बसणाऱ्या विद्यार्थ्याच्या पाठीशी दहा वर्षांचे इंग्रजी असते; मात्र त्यातले लिहिणे बहुतांशी फळ्यावरून उतरवून घेण्याचे असते आणि वर्गाबाहेर ही भाषा लिहिण्याची वेळ त्याच्यावर क्वचितच येते. त्याच्या लेखनाची तुलना इंग्रजी माध्यमातल्या मुलाच्या किंवा शिक्षकाच्या स्वतःच्या इंग्रजीशी करून चालत नाही. परकी भाषा म्हणून इंग्रजी शिकणाऱ्याकडून त्या टप्प्यावर काय अपेक्षित आहे, हे आधी ठरवावे लागते. पुढील विवेचन मुख्यतः आठवी ते दहावीच्या वर्गांसाठी आहे. त्यातील बरेचसे पाचवी ते सातवीलाही लागू पडेल.

प्रश्न काढतानाच तपासणी सुरू होते

लेखनाची तपासणी न्याय्य होणार की नाही, हे पुष्कळदा प्रश्नपत्रिका काढतानाच ठरते. ‘माझा आवडता सण’, ‘माझे आवडते शिक्षक’, ‘पावसाळ्यातील एक दिवस’ हे विषय कोणत्याही गाईडमध्ये तयार मिळतात. असा विषय दिला की काही विद्यार्थी पाठ केलेला निबंध जसाच्या तसा लिहितात, काही अर्धा आठवून अर्धा चुकवतात आणि मोजकेच स्वतः लिहितात. मग तपासणाऱ्यापुढे प्रश्न उभा राहतो: निर्दोष पण पाठ केलेल्या उत्तराला किती गुण द्यावेत? प्रामाणिक उत्तर असे आहे की त्या प्रश्नावर हे ठरवताच येत नाही. पाठांतर पकडण्याची सोयच प्रश्नात ठेवलेली नाही, आणि त्याचा दोष विद्यार्थ्याकडे जात नाही.

यावर उपाय म्हणजे प्रश्नात एखादी नेमकी परिस्थिती, एक वाचक आणि दोन-तीन आवश्यक मुद्दे देणे. ‘मित्राला पत्र लिहा’ एवढेच न लिहिता ‘तुमच्या गावची जत्रा येत्या रविवारी आहे, शहरात राहणाऱ्या मित्राला बोलवा, त्याने कसे यायचे ते सांगा आणि तेथे काय पाहायला मिळेल ते लिहा’ असे लिहावे. एस.टी.चे छोटे वेळापत्रक देऊन त्यावरून पाहुण्याला निरोप लिहायला सांगता येतो. ग्रामपंचायतीने लावलेल्या पाणीपुरवठ्याच्या सूचनेवरून शेजारच्या आजींसाठी चार ओळींची चिठ्ठी लिहायला सांगता येते. अशा प्रश्नात पाठ केलेला मजकूर आपोआप उघडा पडतो, कारण त्यात रविवारही नसतो आणि एस.टी.ही नसते. तेव्हा भाषा निर्दोष असली तरी आशयाचे गुण मिळणार नाहीत, हे विद्यार्थ्यालाही पटते.

आणखी एक काळजी घ्यावी. प्रश्नाची सूचना समजली नाही म्हणून लिहिता आले नाही, असे होऊ नये. घटक चाचणीत किंवा वर्गातल्या आकारिक, म्हणजे शिकवता-शिकवता वर्षभर चालणाऱ्या, मूल्यमापनात सूचना मराठीत द्यायला काहीच हरकत नाही. आपल्याला मोजायचे आहे ते लेखन, सूचनेचे वाचन नव्हे.

निकष आधी, लाल पेन नंतर

१९६१ साली अमेरिकेतील एज्युकेशनल टेस्टिंग सर्व्हिस या संस्थेने एक अभ्यास प्रसिद्ध केला. महाविद्यालयाच्या पहिल्या वर्षातील विद्यार्थ्यांचे ३०० निबंध ५३ वाचकांना दिले होते. त्यांत इंग्रजीचे प्राध्यापक होते, तसेच इतर विषयांचे प्राध्यापक, लेखक-संपादक, वकील आणि उद्योगक्षेत्रातील लोकही होते. निबंध गुणवत्तेनुसार ९ गटांत लावायचे होते आणि निकष मुद्दामच दिले नव्हते. परिणाम असा झाला की एकाही निबंधाला पाचपेक्षा कमी वेगवेगळ्या श्रेणी मिळाल्या नाहीत आणि सुमारे एकतृतीयांश निबंधांना तर नऊच्या नऊ श्रेणी मिळाल्या. मला या अभ्यासातला पुढचा भाग अधिक मोलाचा वाटतो. वाचकांच्या शेऱ्यांचे विश्लेषण केल्यावर त्यांचे पाच गट दिसले: कोणी विचारांकडे पाहत होते, कोणी मांडणीकडे, कोणी शैलीकडे, कोणी शब्दयोजनेकडे आणि कोणी व्याकरण-विरामचिन्हांकडे. प्रत्येक जण मन लावून वाचत होता; प्रत्येक जण मोजत मात्र वेगळेच होता.

आपल्या शाळांतही हेच घडते. एका शिक्षकाला स्पेलिंग सहन होत नाही, दुसऱ्याला पत्राचा मायना हवा असतो, तिसरा सुवाच्य अक्षरावर खूश होतो. यातील कोणाचेही मत निराधार नाही, पण एकाच वर्गाच्या दोन तुकड्या दोन शिक्षकांनी तपासल्या तर त्या मुलांवर अन्याय होतो. तपासणीच्या आधी निकष कागदावर उतरवणे, त्यांना गुण वाटून देणे आणि ते विद्यार्थ्यांनाही आधी सांगणे, हाच यावरचा मार्ग आहे.

निकष बनवण्याच्या दोन मुख्य रीती आहेत. पहिली समग्र रीत: संपूर्ण लेखन वाचून, वर्णन दिलेल्या पायऱ्यांपैकी कोणत्या पायरीवर ते बसते हे ठरवायचे आणि एकच गुण द्यायचा. ही रीत वेगवान आहे आणि मोठ्या परीक्षेत उपयोगी पडते. दुसरी विश्लेषक रीत: आशय, मांडणी, शब्दसंपत्ती, वाक्यरचना अशा घटकांना वेगवेगळे गुण द्यायचे. परकी भाषा म्हणून इंग्रजी शिकणाऱ्यांसाठी १९८१ साली तयार झालेल्या आणि आजही जगभर वापरल्या जाणाऱ्या एका गुणतक्त्यात १०० पैकी आशयाला ३०, मांडणीला २०, शब्दसंपत्तीला २०, भाषेच्या वापराला २५ आणि स्पेलिंग, विरामचिन्हे, मोठी-लहान अक्षरे या सगळ्यांना मिळून फक्त ५ गुण दिले आहेत. आपल्याकडे ज्या गोष्टीवर लाल शाई सर्वांत जास्त खर्च होते, तिचे वजन तज्ज्ञांनी किती ठेवले आहे, हे यावरून ध्यानात यावे.

वर्गात शिकवणाऱ्या शिक्षकाने विश्लेषक रीत वापरावी असे माझे ठाम मत आहे. मुलाला ३ गुण पडले एवढ्याने त्याला किंवा आपल्याला काहीच कळत नाही; आशयाला पूर्ण आणि वाक्यरचनेला निम्मे पडले म्हटल्यावर पुढे काय शिकवायचे ते समजते. दहावीच्या तृतीय भाषा इंग्रजीच्या ८० गुणांच्या लेखी परीक्षेत लेखनाचे प्रश्न साधारणपणे ५ गुणांचे असतात. शाळेतल्या तपासणीत या ५ गुणांची विभागणी अशी करता येईल: मागितलेले मुद्दे आले का आणि वाचकापर्यंत हेतू पोहोचला का, यासाठी २, त्या लेखनप्रकाराचा आराखडा आणि वाक्यांचा क्रम यांसाठी १, शब्द, वाक्यरचना, काळ, स्पेलिंग या साऱ्यांसाठी मिळून २. मंडळाच्या परीक्षेत अर्थातच मंडळाने दिलेली गुणविभागणीच पाळायची असते; तिच्यात आपली भर घालायची नसते.

अपेक्षा किती ठेवायची, यासाठी युरोपीय परिषदेने २००१ साली प्रसिद्ध केलेली सहा पायऱ्यांची भाषिक चौकट चांगली मदत करते. तिच्यातील ‘ए-२’ पायरीवरचा विद्यार्थी रोजच्या गरजेपुरते छोटे निरोप आणि अगदी साधे, उदाहरणार्थ आभार मानणारे, वैयक्तिक पत्र लिहू शकतो; ‘बी-१’ पायरीवरचा विद्यार्थी ओळखीच्या विषयावर साधा पण सलग मजकूर लिहितो आणि पत्रात आपले अनुभव वर्णन करतो. आपला वर्ग कोठे उभा आहे हे या वर्णनांशी ताडून पाहावे. नववीचा वर्ग ‘ए-२’वर असेल, तर त्याच्याकडून ओघवत्या परिच्छेदांची अपेक्षा धरून गुण कापणे चुकीचे ठरेल.

एक पत्र तपासून पाहू

वर दिलेल्या जत्रेच्या प्रश्नावर नववीतल्या एका विद्यार्थ्याने पुढीलप्रमाणे लिहिले असे समजू. ‘डिअर समीर, हाउ आर यू? आय ॲम फाइन. अवर व्हिलेज जत्रा इज ऑन संडे. माय फादर आर टेलिंग यू टू कम. यस्टरडे वी गो टू टेम्पल अँड क्लीन इट. देअर इज स्मॉल स्मॉल शॉप्स अँड बिग पाळणा. आय ॲम लाइक पाळणा. यू कम बाय एस.टी. ॲट टेन ओक्लॉक, आय विल कम टू स्टँड. इफ यू विल नॉट कम देन आय ॲम सॅड.’ पत्ता, तारीख आणि खाली सही नाही. ‘टेम्पल’ आणि ‘व्हिलेज’ यांच्या स्पेलिंगमध्ये शेवटचे अक्षर गळले आहे.

चुका मोजत बसणारा परीक्षक येथे सात-आठ खुणा करील आणि ५ पैकी दीड देऊन पुढे जाईल. आता निकषांनी पाहू. जत्रा कधी आहे हे समीरला समजले. कोणत्या वाहनाने, किती वाजता यायचे आणि न्यायला कोण येणार, हेही समजले. तेथे दुकाने आणि पाळणा असणार हे समजले. वडिलांनीही बोलावले आहे आणि तो आला नाही तर मित्राला वाईट वाटेल, हे कोणी न विचारता आले आहे, आणि निमंत्रणाच्या पत्रात त्याला मोल आहे. आशय आणि हेतू यांना २ पैकी २ द्यावेत. मायना आहे, क्रम बराचसा ठीक आहे, पण पत्ता, तारीख आणि समारोप नाही. तेथे १ पैकी अर्धा. भाषेत जवळजवळ प्रत्येक वाक्यात काहीतरी अडखळले आहे, मात्र एकही वाक्य न समजण्याजोगे नाही आणि विद्यार्थ्याने वर्तमान, भूत, भविष्य आणि अट अशा चार प्रकारच्या रचना करून पाहिल्या आहेत. तेथे २ पैकी १. एकूण साडेतीन. दीड आणि साडेतीन यांतील अंतर म्हणजे एका विद्यार्थ्याला ‘तुला इंग्रजी येत नाही’ असे सांगणे आणि ‘तुझे म्हणणे पोहोचते, आता वाक्ये नीट करू’ असे सांगणे यांतील अंतर आहे.

‘जत्रा’ या शब्दाला गुण कापू नयेत. त्याला इंग्रजीत नेमका शब्द नाही. ‘पाळणा’साठी ‘जायंट व्हील’ हा शब्द आहे, तो समासात लिहून द्यावा; पण शब्द अडला म्हणून लिहिणे थांबवले नाही, ही त्या मुलाची चांगली सवय आहे आणि तिला दंड होता कामा नये. औपचारिक पत्रात किंवा अनोळखी वाचकासाठीच्या लेखनात मात्र मराठी शब्द तसाच सोडणे खपवून घेऊ नये, कारण तेथे तो वाचकाला समजणार नाही. निकष नेहमी वाचकाकडे पाहून लावायचा असतो.

मराठीच्या वाटेने आलेल्या चुका

परकी भाषा शिकणाऱ्याच्या चुका म्हणजे निव्वळ निष्काळजीपणा नसतो, तर त्याच्या मनात तयार होत असलेल्या नियमांचा तो पुरावा असतो, ही दृष्टी ब्रिटिश भाषावैज्ञानिक पिट कॉर्डर यांनी १९६७ साली ठामपणे मांडली. मराठी शिक्षकाला या बाबतीत एक मोठा लाभ आहे: विद्यार्थ्याची भाषा त्याला आतून माहीत आहे. इंग्लंडहून आलेल्या परीक्षकाला जे वाक्य निव्वळ विचित्र वाटेल, त्याच्यामागचे मराठी वाक्य आपल्याला लगेच ऐकू येते.

वरच्या पत्रातील ‘माय फादर आर टेलिंग’ घ्या. मराठीत वडिलांना आदरार्थी अनेकवचन लागते. ‘माझे वडील सांगत आहेत’ असेच मूल लहानपणापासून म्हणत आले आहे. त्याने इंग्रजीतही वडिलांचा मान राखला. तेथे ‘कर्ता-क्रियापद चुकले’ एवढा शेरा देऊन उपयोग होत नाही; इंग्रजीत आदरासाठी अनेकवचन वापरत नाहीत, ही एक गोष्ट संपूर्ण वर्गाला एकदा सांगितली की पंचवीस वह्यांमधली चूक कमी होऊ लागते. ‘स्मॉल स्मॉल शॉप्स’मध्ये ‘लहान लहान दुकाने’ आहेत. ‘इफ’ नंतर ‘देन’ येते ते ‘जर-तर’मुळे आणि त्याच्या मागे ‘तू येणार नसशील तर’ असल्यामुळे ‘विल’ही येते. ‘आय ॲम लाइक’ हे निराळे आहे: इंग्रजीची पहिली वाक्ये ‘आय ॲम’ने सुरू होणारी शिकल्यामुळे ती जोडी एकच शब्द असल्यासारखी मनात बसते, आणि ‘मला आवडतो’ या रचनेत ‘मी’ कर्ता नसल्याने इंग्रजीतला कर्ता कोठून आणायचा हा गोंधळ तिच्यात भर घालतो.

अशा आणखी कितीतरी आहेत. परीक्षा ‘देतात’ म्हणून ‘गिव्ह एक्झाम’ आणि लग्न कोणा‘शी’ होते म्हणून ‘मॅरिड विथ’. ‘जो मुलगा काल आला तो’ या रचनेवरून ‘व्हिच बॉय केम यस्टरडे, ही’ असे वाक्य उभे राहते. मराठीत दुसऱ्याचे बोलणे ‘की’ लावून जसेच्या तसे सांगता येते. त्यामुळे ‘ही सेड दॅट आय विल कम’ असे लिहिले जाते आणि येणार कोण, बोलणारा की लिहिणारा, हेच कळत नाही. निर्जीव वस्तूंनाही मराठीत लिंग असल्यामुळे नदीला ‘शी’ आणि डोंगराला ‘ही’ म्हटले जाते. ‘अ’, ‘अ‍ॅन’, ‘द’ ही उपपदे मराठीत नाहीतच, म्हणून ती गळतात आणि फार उशिरा पक्की होतात. देवनागरीत मोठी आणि लहान अशी दोन प्रकारची अक्षरे नसल्याने विशेषनामाचे पहिले अक्षर लहान काढणे हे पाचवी-सहावीत अगदी साहजिक आहे. ‘व’ एकच असल्याने इंग्रजीतल्या दोन निरनिराळ्या अक्षरांची अदलाबदल होते. ‘शिप’ आणि ‘शीप’ यांतला ऱ्हस्व-दीर्घाचा घोळही याच जातीचा आहे.

या चुकांचे वजन सारखे नसते. ‘ही सेड दॅट आय विल कम’मध्ये अर्थच बदलतो, म्हणून ती गंभीर, उपपद गळल्याने अर्थ क्वचितच अडतो, म्हणून ती हलकी. गुण कापायचे ते अर्थ अडवणाऱ्या चुकांसाठी प्रथम, आणि वर्गात शिकवून झालेल्या रचनांच्या चुकांसाठी त्यानंतर. जे अजून शिकवलेच नाही, त्यासाठी गुण कापू नयेत. एकच चूक दहा वेळा आली तरी ती एकच धरावी, कारण त्या विद्यार्थ्याला एकच गोष्ट माहीत नाही. न शिकल्यामुळे झालेली चूक आणि घाईत झालेली नजरचूक यांतील फरकही त्याच उत्तरपत्रिकेत सापडतो: ‘यस्टरडे वी गो’ लिहिणाऱ्याने दुसऱ्या ठिकाणी ‘वेन्ट’ बरोबर वापरले असेल, तर त्याला शिकवण्याची गरज नाही, पुन्हा वाचून पाहण्याची सवय लावण्याची गरज आहे.

येथे एक इशारा आवश्यक आहे. वर्गातल्या प्रत्येक मुलाची घरची भाषा मराठी असेलच असे नाही. नंदुरबारमध्ये पावरी आणि भिली, मेळघाटात कोरकू, गडचिरोलीत गोंडी आणि माडिया बोलणारी मुले शाळेत येऊन मराठी शिकतात आणि तिच्यामागून इंग्रजी. मालेगाव-भिवंडीच्या उर्दू शाळांतले विद्यार्थी उजवीकडून डावीकडे लिहिणाऱ्या लिपीतून इंग्रजीकडे वळतात. त्यांच्या चुकांना मराठीचे स्पष्टीकरण लावू नये. शक्य असेल तेथे त्यांनाच विचारावे की हे वाक्य तुमच्या घरच्या भाषेत कसे म्हणाल. उत्तरातून पुष्कळ उलगडते, आणि आपल्या भाषेत कोणी रस घेतला याचा त्या मुलांना आनंद होतो तो वेगळाच.

गठ्ठा तपासण्याची पद्धत

संपूर्ण उत्तरपत्रिका एका दमात न तपासता एक-एक प्रश्न सर्व उत्तरपत्रिकांत तपासावा. सगळी पत्रे आधी, मग सगळे संवाद. त्यामुळे निकष मनात ताजे राहतात आणि एका प्रश्नातील चांगल्या-वाईट कामगिरीची छाया दुसऱ्यावर पडत नाही. नावे दिसणार नाहीत असे पहिले पान दुमडून ठेवावे. हुशार मानलेल्या विद्यार्थ्याचे सामान्य पत्र आपल्याला बरे वाटते आणि मागे पडलेल्याचे चांगले पत्र कोणाचे तरी पाहून लिहिल्यासारखे वाटते; हा पक्षपात आपण जाणून करत नाही, म्हणूनच तो टाळण्याची सोय करून ठेवावी लागते.

सुरुवातीला गुण न देता आठ-दहा पत्रे नुसती वाचावीत. त्यांतून एक स्पष्टपणे चांगले, एक मधले आणि एक कमकुवत असे नमुने निवडून, निकष लावून त्यांचे गुण पक्के करावेत आणि ते समोर ठेवावेत. पुढे शंका आली की पत्र या नमुन्यांशी ताडून पाहावे. प्रत्येक पत्राचे पहिले वाचन पेन खाली ठेवून करावे. या वाचनात फक्त आशयाचे गुण ठरवावेत. दुसऱ्या वाचनात मांडणी आणि भाषा. दोन वाचनांनी वेळ दुप्पट लागतो असे वाटते, पण पहिले वाचन एका मिनिटाच्या आतले असते आणि त्याने पुढचा निर्णय सोपा होतो. निम्मा गठ्ठा झाल्यावर सुरुवातीची चार-पाच पत्रे पुन्हा पाहावीत. आपण आता अधिक कडक किंवा अधिक सैल झालो आहोत का हे तेथे कळते. एकापाठोपाठ तीन कमकुवत पत्रे आली की चौथे साधेसुधे पत्रही उत्तम भासते, हेही ध्यानात ठेवावे.

अक्षराबद्दल एवढेच: वाचता येत असेल तर त्याचा गुणांशी संबंध ठेवू नये. लांबीबद्दलही तसेच. शब्दमर्यादा दिली असेल आणि सर्व मुद्दे आले असतील, तर लहान पत्राला कमी गुण देण्याचे कारण नाही.

शाळेत इंग्रजीचे दोन शिक्षक असतील, तर प्रत्येक परीक्षेला दहा उत्तरपत्रिका दोघांनी स्वतंत्रपणे, एकमेकांचे गुण न पाहता तपासाव्यात. ५ पैकी एका गुणापेक्षा जास्त फरक पडला तर सरासरी काढून मोकळे होऊ नये; दोघांनी ते पत्र पुन्हा वाचून, कोणी कोणत्या निकषाला काय दिले आणि का, हे बोलावे. बहुतेक वेळा असे आढळते की निकषाचे वर्णनच मोघम होते. मग ते वर्णन बदलावे. ज्या शाळेत इंग्रजीचा एकच शिक्षक आहे, त्याने केंद्रातल्या शेजारच्या शाळेतील शिक्षकाशी उत्तरपत्रिकांची अदलाबदल करावी.

वही परत देताना

गुण देणे आणि लेखन सुधारायला मदत करणे ही दोन वेगळी कामे आहेत. वार्षिक परीक्षेत पहिले पुरते. वर्षभराच्या आकारिक मूल्यमापनात दुसरे अधिक महत्त्वाचे. प्रत्येक चूक दुरुस्त करून दिल्याने विद्यार्थी सुधारतो का, यावर अभ्यासकांत दीर्घ वाद आहे. जॉन ट्रस्कॉट यांनी १९९६ साली व्याकरणाच्या दुरुस्त्या सोडूनच द्याव्यात, त्यांनी लाभ होत नाही, असे प्रतिपादन केले. डेना फेरिस यांनी १९९९ साली त्याला उत्तर देताना निवडक आणि स्पष्ट दुरुस्त्यांची उपयुक्तता मांडली. वर्गातला अनुभव फेरिस यांच्या बाजूने झुकतो असे मला वाटते, पण ट्रस्कॉट यांचा आक्षेपही डोळ्यांआड करू नये: लाल रंगाने माखलेले पान मूल वाचत नाही.

म्हणून एका वेळी दोनच प्रकारच्या चुका निवडाव्यात आणि त्या आधी जाहीर कराव्यात. ‘या पंधरवड्यात भूतकाळ आणि वाक्याच्या सुरुवातीचे मोठे अक्षर’ असे सांगितले की इतर चुका तेवढ्यापुरत्या सोडून द्याव्यात. दुरुस्त रूप लिहून न देता शब्दाखाली रेघ मारून समासात खूण करावी: काळासाठी ‘का’, स्पेलिंगसाठी ‘स्पे’, शब्दक्रमासाठी ‘क्र’. दुरुस्ती विद्यार्थ्याने करायची. जी रचना त्याला अजून ठाऊकच नाही, तेथे मात्र खूण पुरत नाही. तेथे पूर्ण बरोबर वाक्य लिहून द्यावे.

वहीवर गुण कधी लिहावेत, याचाही विचार करावा. रूथ बटलर यांनी इस्रायलमधील शाळकरी मुलांवर केलेल्या आणि १९८८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात केवळ शेरे मिळालेल्या मुलांची कामगिरी सुधारली. गुण आणि शेरे दोन्ही मिळालेल्यांची मात्र सुधारली नाही. गुण दिसला की शेरा वाचलाच जात नाही, हे प्रत्येक शिक्षकाने पाहिले असेल. त्यामुळे वही प्रथम शेऱ्यासह परत द्यावी, पुनर्लेखन करवून घ्यावे आणि गुण दुसऱ्या खर्ड्यावर द्यावा. पुनर्लेखन घरी न देता पुढच्याच तासिकेत, वर्गात करवून घ्यावे. घरी दिले तर ते दुसऱ्याच कोणाच्या हातचे येते.

शेरा मराठीत लिहावा. ‘गुड’, ‘इम्प्रूव्ह’, ‘सी मी’ यांतून काहीच बोध होत नाही. पहिल्या वाक्यात वाचक म्हणून काय समजले आणि काय आवडले ते नेमके लिहावे, दुसऱ्यात पुढचे एकच काम सांगावे. जत्रेच्या पत्रावर असे लिहिता येईल: ‘समीरने किती वाजता आणि कसे यायचे हे तू इतके स्पष्ट सांगितलेस की तो चुकणार नाही. काल घडलेल्या गोष्टींची वाक्ये पुन्हा वाच आणि त्यांतली क्रियापदे भूतकाळात लिही.’

साठ मुलांच्या वर्गात दर आठवड्याला सर्वांच्या वह्या अशा बारकाईने तपासणे कोणालाही शक्य नाही, आणि तसा आग्रह धरणेही योग्य नाही. आठवड्याला दहा-बारा वह्या सखोल तपासाव्यात, म्हणजे पाच-सहा आठवड्यांत प्रत्येकाची पाळी येते. बाकीच्यांनी जोडीदाराची वही वाचून दोनच प्रश्नांची उत्तरे द्यायची: मागितलेले सगळे मुद्दे आले का, आणि कोणते वाक्य समजले नाही? व्याकरण तपासण्याचे काम मुलांवर सोपवू नये. बरोबर असलेलेही ती चुकवतात आणि त्यावरून भांडणे होतात. वाचक म्हणून मात्र ती फार प्रामाणिक असतात.

एका वहीत प्रत्येक विद्यार्थ्यासाठी अर्धे पान राखून ठेवावे. तारीख, लेखनप्रकार, निकषवार गुण आणि एखादे लक्षणीय वाक्य जसेच्या तसे तेथे उतरवावे. २०१० पासून आपल्याकडे रुजलेल्या सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनात वर्णनात्मक नोंदी कराव्या लागतात. ही वही असेल तर ‘लेखनकौशल्य समाधानकारक’ असे सर्वांना सारखेच वाक्य लिहावे लागत नाही. ‘जूनमध्ये सुटी वाक्ये लिहीत होती, डिसेंबरमध्ये बिकॉज आणि व्हेन वापरून वाक्ये जोडते, भूतकाळ अजून डळमळीत’ अशी नोंद करता येते, आणि वरच्या वर्गाच्या शिक्षकाने ती वाचली की त्या मुलीला पहिल्या तासिकेपासून कोणते काम द्यायचे हे त्याला ठरवता येते.